धुऱ्याच्या दोन्ही बाजूंची माती

भातकुली,
१२ एप्रिल २०२५

ती. नीलमताईस,
धाकट्या सुगतचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर मी ओरडतो, म्हणून वावराचं जे काही असेल ते यापुढे कागदावर सांग, असा तू हुकूम काढलास. घे, लिहून राहिलो. कागदावर ओरडता येत नाही, पण पेन दाबता येतो. जिथं अक्षर मागच्या बाजूनं उमटलेलं दिसेल तिथं मी ओरडलो असं समज.

धर्मपालकाका आपला टेम्पो घेऊन दर आठवड्याला अकोल्याच्या बाजारात जातात. त्यांच्याजवळ हे पत्र आणि मातीच्या दोन थैल्या देतो आहे. थैल्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत पोचव. कोणत्या, ते तुला ठाऊक आहे. हसू नको.

गोष्ट हसण्यासारखी नाहीच. मी तिसऱ्या वर्षात कृषीचं कॉलेज सोडून घरी आलो तेव्हा तू लग्नाच्या गडबडीत होतीस. त्या हिवाळ्यात आपल्या वावरातला गहू तू पाहिला नाहीस. जमीन डांबरी सडकेसारखी. कोंब वरची खपली फोडू शकला नाही, आतच पिवळा होऊन मेला. बाबांच्या बोअरचं पाणी किती खारं आहे हे आईला विचार, त्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. तेच पाणी वर्षानुवर्षं गव्हाला. सोयाबीन, मग गहू, परत सोयाबीन, परत गहू.

तू दवाखान्यात दिवसभर लोकांना मीठ कमी करा म्हणून सांगतेस ना? जमिनीचंही तेच. आपल्या काळ्या मातीच्या कणाकणावर बसायला जागा असतात, पंगतीसारख्या. त्या जागांवर कॅल्शियम बसलं की माती भुसभुशीत राहते, पाणी आत जातं. खाऱ्या पाण्यातलं सोडियम येऊन त्याला उठवतं आणि स्वतः बसतं. मग मातीचा चिखल होतो नाहीतर दगड होतो. अशा जमिनीला चोपण म्हणतात. हे मी बाबांना सांगितलं तर त्यांनी मले विचारलं, अर्ध्या शिक्षणात एवढं येते, तं पूर्ण केलं असतं तं किती आलं असतं?

तेव्हा आमच्या दोघांची पैज लागली आणि वावराच्या मधोमध मातीचा बांध घालून नवा धुरा पडला. पल्याड बाबांचं, त्यांच्या बोअरवर. अल्याड माझं. पहिल्या वर्षी मी मातीला कॅल्शियम मिळावं म्हणून जिप्सम पसरलं, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला आणि फुलावर यायच्या आत गाडला. किसनरावच्या पोट्ट्यानं उभं पीक नांगरलं म्हणून गाव हसलं. मग मूग आणि त्यामागं हरबरा. मग कपाशीच्या पऱ्हाटीत तूर. यंदा सोयाबीन आणि पुन्हा हरबरा. पाणी फक्त शेततळ्यात साठवलेलं पावसाचं, तेही तुषार लावून.

बाबा शब्दाला पक्के आहेत. चार वर्षं त्यांनी धुरा ओलांडला नाही. आता दोन्हीकडच्या मातीचा अहवाल येईल. फरक निघाला तर माझं म्हणणं चालेल. नाही निघाला तर धुरा मोडायचा, बोअरचं पाणी सगळीकडं सोडायचं आणि मी नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात लागायचं. तिथं माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवला आहे त्यांनी. ताई, मले कारखान्याची लाज नाही. पण या मातीला अर्ध्यावर सोडायचं म्हणजे जीव जातो.

नमुना मी रीतसर घेतला आहे. नागमोडी फिरून, ठिकठिकाणी वीतभर खड्डे करून. माती अंगणात दोन गोणपाटांवर सावलीत वाळते आहे. मी जयंतीच्या मिरवणुकीच्या कामात आहे, म्हणून थैल्या आई भरेल.

आणि हो, थैल्या प्रयोगशाळेतल्या गीतांजलीच्याच हातात दे. ती काय म्हणाली, कशी दिसते, माझं नाव निघालं तेव्हा तिनं कुठं पाहिलं, हे सगळं सविस्तर लिही. एकही गोष्ट गाळलीस तर मी फोन करीन.

दाजींना जय भीम. धाकट्यावर जीव असू दे.

तुझा,
सुगत

-----

अकोला,
१९ एप्रिल २०२५

चि. सुगत यास,
ताईचे अ. आ. व जय भीम.

तुझं पत्र तीन ठिकाणी फाटलं होतं, इतकं तू ओरडला होतास. थैल्या मिळाल्या. धर्मपालकाका सांगत होते की आईनं त्या नव्या कापडात शिवून, वर सुतळी बांधून, मांडीवरच्या लेकरासारख्या त्यांच्या हाती दिल्या. टेम्पोत मागं टाकू नका, जवळ ठेवा, असंही बजावलं म्हणे.

मी ड्यूटी संपवून प्रयोगशाळेत गेले. गीतांजलीनं मला ओळखलं. चहा मागवला. थैलीवरचं नाव वाचलं आणि म्हणाली, अजून टिकून आहे का तो वावरात? मी म्हटलं, आहे. मग तिनं कुठं पाहिलं, तर बाबू, थैलीकडं पाहिलं. फार वेळ पाहिलं. कशी दिसते हे मी लिहिणार नाही, कारण तू ते पत्र खिशात घालून गावभर फिरशील. पांढऱ्या कोटात बरी दिसते एवढं पुरे.

आता जरा कडू. ती म्हणाली की कॉलेज सोडू नको हे तिनं तुला जिन्यावर उभं राहून सांगितलं होतं. पदवी घे, मग जा, माती काय पळून चालली का, असं. आणि तू उत्तर न देता जिना उतरून गेलास. नंतर मेसेज पाठवत बसलास. जो माणूस तोंडावर बोलत नाही त्याच्या मेसेजला मी काहून उत्तर देऊ, असं तिनं मला विचारलं. तुझ्याजवळ उत्तर असेल तर तयार ठेव.

मला काळजी बाबांची वाटते. ते बोअर त्यांचं काय आहे ते तुला ठाऊक नाही, तू पाळण्यात होतास. आजोबांना ही जमीन मिळाली ती गावाला नको होती म्हणून मिळाली, खारवट. लोक म्हणायचे, यांच्या वावरात तर लव्हाळाही उगवत नाही. तिथं बाबांनी पाणी काढलं आणि गहू उभा केला. तुझा अहवाल खरा ठरला तर त्यांनी आयुष्यभर ज्याच्यावर छाती काढली ते चूक ठरेल. जिंकलास तर नाचू नकोस, एवढं सांगते.

आईला नमस्कार. उन्हात टोपी घाल. तुझ्या खुशालीची वाट पाहते.

तुझी,
नीलमताई

-----

भातकुली,
२ मे २०२५

ती. ताईस,
जय भीम. वि. वि. काही नाही. सगळं संपलं.

अहवाल आले. दोन्ही कागद एकासारखा एक. धुऱ्याच्या इकडं जी माती, तिकडं तीच माती. सामू, म्हणजे पीएच, सारखा, कर्ब सारखा, सोडियम दोन्हीकडं नावालाच. सगळ्या रकान्यांत उत्तम, उत्तम, उत्तम.

बाबांनी चष्मा लावून दोन्ही कागद दोन वेळा वाचले. मग घडी घातली आणि म्हणाले, पाह्य सुगत, मी नाई म्हणत, तुया कागदच म्हणते. माया बोअरनं काई बिघडलं नाई अन् तुया धैंच्यानं काई सुधरलं नाई. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या सोमवारी नांदगाव पेठला जाऊन साहेबांना भेटून ये म्हणाले. धुरा पेरणीआधी मोडू.

ताई, हे होऊच शकत नाही. माझ्या वावरात फावडं मारलं तर ढेकूळ हातात फुटतं. बाबांच्या वावरात फावडं वाजतं. आंधळ्यालाही आवाजावरून कळेल. म्हणजे गडबड तिकडं झाली. एकाच थैलीतली माती दोन्ही परीक्षांना वापरली असेल, नाहीतर दुसऱ्याच कोणाची. पांढरा कोट घालून चहा पीत बसलं की असंच होतं. तिला सांग, माझा राग माझ्यावर काढायचा, माझ्या मातीवर काढायचा नाही. हे असंच्या असं सांग, मऊ करू नकोस.

आईला काहीच वाटून नाही राहिलं. उलट खूश आहे. अहवालात उत्तम लिहिलंय हे तिनं शेजारच्या तिन्ही घरी सांगितलं. मी जेवलो नाही तर म्हणते, पोरीनं एवढी नावाजली माती अन् तू तोंड पाडून बसला.

तो सोमवार यायच्या आत काहीतरी कर.

तुझा,
सुगत

-----

अकोला,
६ मे २०२५

चि. सुगत यास,
आशीर्वाद देते, पण कान पिळून.

तुझं म्हणणं मी असंच्या असं सांगितलं. गीतांजली उठली, कपाटातून दोन्ही थैल्यांमधली उरलेली माती काढली आणि माझ्यापुढं कागदावर ओतली. तिचा चेहरा लाल झाला होता. तुझ्यासारखी ओरडत नाही ती, आवाज खाली नेते. ते जास्त वाईट.

म्हणाली, ताई, अहवालावर सही करताना मले शंका आली होती. त्यानंच पाठवली म्हणून मी विचारलं नाही, ती माझी चूक. पण हे पहा. ही माती वावरातली नाहीच. इकडच्या खारपाणपट्ट्यात एवढा कर्ब कोणत्याच वावरात सापडत नाही. पालाश तर इतकं आहे की जशी चुलीची राख मिसळली. आणि बोटानं तिनं मला दाखवलं, त्यात खरंच कोळशाचे कण होते, अंड्याच्या टरफलाचा तुकडा होता. वर तिनं विचारलं की नमुन्याची माती पिठाच्या चाळणीनं कोण चाळतं?

ताई, थैल्या भरल्या कोणी, एवढं त्याले विचारा, म्हणाली.

मला पिठाची चाळणी कोणाची ते कळलं. तूही आता पेन ठेव आणि स्वयंपाकघरात जा. आईवर ओरडलास तर माझ्याशी गाठ आहे.

सोमवारी नांदगाव पेठला जाऊ नको. बाबांशी मी फोनवर बोलते.

तुझी,
ताई

-----

भातकुली,
८ मे २०२५

ती. ताईस,
सुगतचा जय भीम. तू सांगितलंस म्हणून ओरडलो नाही. ओरडताच आलं नसतं, कारण आईला वाटतं तिनं फार चांगलं काम केलं.

झालं असं. त्या दिवशी धर्मपालकाकांनी आईला सहज सांगितलं की माती ज्या पोरीकडं चालली ती सुगतच्या कॉलेजातली. आईनं माझ्या चेहऱ्यावरून बाकीचं ओळखलं. मग गोणपाटावरची ढेकळं, धसकटं पाहून तिचा जीव खाली-वर झाला. नवा हरबरा निघाला की आपण वानोळा पाठवतो तो निवडून, पाखडून पाठवतो का नाही, असं तिनं मलाच विचारलं. आपल्या घरून त्या पोरीच्या हातात पहिल्यांदा काही चाललं अन् ते असं काडीकचऱ्याचं? आपली जमीन खारी म्हणून लोकांनी आतापर्यंत कमी ऐकवलं का? तिनं मी जपून काढलेला नमुना कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकून दिला. परसातल्या वांग्याच्या वाफ्यातली, शेणखत अन् राख घालून वाढवलेली काळीभोर माती काढली, चाळली, आणि दोन्ही थैल्या त्याच मातीनं भरल्या. दोन थैल्या काहून, हे तिला कळलं नव्हतं. तिला वाटलं, एक पोरीला, एक तिच्या घरच्यांना.

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. मी म्हटलं आता चिडतील. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईला म्हणाले, केशर, तुया वाफा पास झाला म्हणे, आमी दोघं बसलोच नाई परीक्षेले. मग गंभीर झाले. म्हणाले, खोट्या कागदावर जिंकायचं मले पटत नाई. त्या पोरीले बोलाव. नमुना तिनंच घ्यावा. माया हिस्सा मी खोदतो, तुया तू खोद.

तर ती येणार आहे. रविवारी. इथं. आपल्या घरी. तिला मी जे बोललो त्याची माफी मी तोंडावर मागणार आहे, मेसेजवर नाही. मला रात्रभर झोप नाही. निळा शर्ट घालू की पांढरा? खोदायचं आहे म्हणजे पांढरा नको. आईनं वाफ्याकडं पाहायचं नाही अशी बाबांनी तिला शपथ घातली आहे.

तुझा,
सुगत

-----

भातकुली,
१ जून २०२५

चि. सौ. नीलम हिस,
किसनरावांचे अनेक आशीर्वाद व जय भीम. जावईबापूंस सप्रेम जय भीम. विशेष लिहिण्याचे कारण की, तुझा भाऊ तीन आठवडे हवेत आहे. त्याला पेन धरता येत नाही, म्हणून मी लिहितो.

ती मुलगी सकाळच्या गाडीने आली. पायात बूट, डोक्याला रुमाल. चहा घेण्याआधी वावर दाखवा म्हणाली. मला ते आवडले. सुगतने रस्त्यातच तिची माफी मागितली. मी पुढे चालत होतो, पण मागे माझे कान होते. तिने एवढेच म्हटले की आधी खड्डा नीट कर.

माझ्या हिश्श्यात मी खोदले. मुली, खोटे बोलणार नाही, फावड्याने हात झिणझिणले. तिने वीतभर खालची माती घेतली आणि त्याच्याही खालची वेगळी घेतली. धुऱ्याच्या अल्याड सुगतच्या खड्ड्यात गांडूळ निघाले. कागद येण्याआधीच मला काय ते कळले होते. कास्तकाराला कळते, पण कबूल करायला कागद लागतो.

कागद काल आले. त्याच्या मातीत सोडियमचा वाटा शंभरात नऊ, माझ्या मातीत एकोणीस. हा वाटा पंधराच्या वर गेला की जमीन चोपण, असे त्या मुलीने समजावून सांगितले. चार वर्षांपूर्वी मधे धुरा नव्हता. दोन्हीकडे एकच माती होती. म्हणजे त्याने उतरवले आणि मी चढवले. तिने हेही सांगितले की सुगतच्या वावरातही खालच्या थरात मीठ बसलेले आहे, त्याने फार उड्या मारू नये. हे तिने त्याच्या तोंडावर सांगितले आणि तो चूप बसला. नीलम, हा पोट्टा चूप बसू शकतो हे मला या वयात कळले.

तू फोनवर म्हणालीस की बाबा, मनाला लावून घेऊ नका. सुरुवातीला लागले. या बोअरला पाणी लागले त्या दिवशी वस्तीतली सगळी माणसे पाहायला आली होती. तुझ्या आजोबांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतले, ते खारे होते, तरी त्यांनी थुंकले नाही, गिळले. मी ते पाहिले होते. म्हणून मला हे पाणी कधी खारे वाटलेच नाही. पण आज तुझे आजोबा असते तर त्यांनी नातवाची माती तोंडात घालून पाहिली असती.

दोन्ही कागद मी विहारासमोरच्या ओट्यावर नेले. माझा वर ठेवला, त्याचा खाली. जो येईल त्याला आधी माझा वाचायला देतो, मग त्याचा. तिथे बसलेला देवमन म्हणाला, किसनराव, आपलाच नापासाचा कागद गावाले दाखवून राहिले का? मी म्हटले, अबे, नापास करणारा मास्तर माया घरचा आहे.

बोअरची मोटर परवा वर काढतो आहे. कारखान्याच्या साहेबांना मुलगा रिकामा नाही असे कळवले आहे. तब्येतीस जप. आमच्यावर तुझी माया आहे ती राहू दे.

तुझे,
बाबा

-----

भातकुली,
१० जून २०२५

ती. ताईस,
सुगतचा साष्टांग जय भीम, असा कधी कोणी केला नसेल, पण मी करतो आहे.

बाबांनी लिहिलं नसेल ते लिहितो. जाताना गीतांजलीला मी बसस्टँडवर सोडायला गेलो. रस्त्यात जे विचारायचं ते विचारून टाकलं, गाडी यायच्या आत, तोंडावर, जिन्यावरून पळून न जाता. ती हसली नाही आणि नाही पण म्हणाली नाही. म्हणाली, तुझ्या बाबांचा हिस्सा वळणावर यायला चार पावसाळे लागतील, कदाचित पाच. दर मेमध्ये मी येऊन माती नेईन. तू तिथं सापडलास तर बोलू. मी म्हटलं, आणि कॉलेज? ती म्हणाली, ते तुझं तू पाहा, मी सामू मोजते, माणसं नाही. मग गाडी आली. खिडकीतून तिनं हात केला का नुसता रुमाल सावरला, यावर मी दोन दिवस विचार करून राहिलो. तुझं मत कळव.

मोटर निघाली. पाईपला पांढऱ्या मिठाचा थर चढला होता, हाडासारखा. बाबांनी तो नखानं खरवडला, पाहिला, आणि पाईप गोठ्यामागं नेऊन ठेवला. तू सांगितलं होतंस म्हणून मी नाचलो नाही. मनही नाही झालं.

जिप्सम पसरून झालं आहे. आज सकाळी मी वावरात गेलो तर बाबा माझ्याआधी तिथं. त्यांच्या हिश्श्यात, धुऱ्याला पाय लावून उभे. मले पाहिलं तरी हलले नाहीत. तुला ठाऊक आहे, आपल्या वावरात काय पेरायचं हे आजवर ते एकटेच ठरवत आले. आईला विचारलं नाही, देवमनकाकाला विचारलं नाही, तूर स्वस्त झाली तेव्हा अख्खं गाव सांगत होतं तरी ऐकलं नाही.

त्यांनी वाकून एक ढेकूळ उचललं, दाबलं, ते काही फुटलं नाही. ते हातात तसंच धरून त्यांनी मला विचारलं, सुगत, इथं काय पेरू म्हणतो?

ताई, मी तासभर बोलू शकलो असतो. कॅल्शियम, सोडियम, सगळं जिभेवर होतं. पण मी एवढंच म्हणालो, धैंचा, बाबा.

बरं, म्हणाले. अन् बियाणं आणायला निघाले.

तुझ्या लोभात राहणारा,
सुगत किसनराव
कास्तकार, भातकुली